नव्वद नंबरचं तेल

गाडी आवाज करायला लागली की गिऱ्हाईक ती गॅरेजच्या दारात उभी करतं, खाली उतरतं आणि तो आवाज स्वतःच्या तोंडाने काढून दाखवतं. माझी उमेदीची सगळी वर्षं कुवेतमध्ये असे आवाज ऐकण्यात गेली. एक जाडजूड मासळीवाला गुडघ्यांवर बसून, गाल फुगवून ‘भुर्र-टक, भुर्र-टक’ करायचा. शाळेतला एक इंग्रज मास्तर आवाजांची वही ठेवायचा, कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, किती वेळा. एका म्हाताऱ्या कुवेती गृहस्थाच्या गाडीत ब्रेक मारला की ‘टुण्’ व्हायचं. दोन दिवस मी ब्रेक उघडले आणि लावले. तिसऱ्या दिवशी सीटखाली कॉफीचा बिनकानाचा कप सापडला. म्हाताऱ्याने तो कप हातात घेऊन मला मिठी मारली. घरी पाच उरले होते म्हणे.

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक बाईंनी सांगितलं, “तुमच्या कामातल्या यशाबद्दल लिहा.” यश दोन ओळींत संपेल आणि बाईंना तर पाच पानं हवी आहेत. मुलीला विचारलं, काय लिहू? ती तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली, “बाबा, ती ऑइलवाली स्टोरी लिहा ना, जिच्यात तुम्ही मरता मरता राहता.” बायको आतून म्हणाली, “मरायचं सोडा, खोटं बोललात ते लिहा.”

तेच लिहितो.

साठ सालाच्या आगेमागची गोष्ट. मी रत्नागिरीच्या एका मोटार-सर्व्हिसच्या गॅरेजात लॉऱ्या आणि बसगाड्या दुरुस्त करत असे. तिथून मुंबई आणि मुंबईहून बोटीने कुवेत. मला इथे आणलं दाऊदचाचांनी. ते नात्यातले नाहीत, आमच्या खाडीपलीकडच्या गावचे. एका कुवेती व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते आणि त्याची गाडी कुवेतच्या शुवैख भागातल्या ज्या गॅरेजात यायची, तिथल्या फोरमनला त्यांनी सांगितलं होतं, “पोरगा माजा हाय. काय बिघडवलान तर मला बोला.” ह्या एका वाक्यावर माझी इकामा, म्हणजे राहण्याची परवानगी, उभी होती.

फोरमनचं नाव उस्ताद फरीद. हैफा सोडून आलेला पॅलेस्टिनी माणूस, बारीक, चष्मेवाला, हातावर तेलाचा डाग दिसला की स्वतःवरच रागावणारा. अरबी, मोडकी इंग्रजी आणि आमच्याकडून उचललेली हिंदी अशा तिन्ही भाषांत तो एकच गोष्ट सांगायचा: आधी ऐका, मग उघडा. आम्ही कोकणातले मिस्त्री उलटे. पाना हातात आला की आम्हाला काहीतरी उघडल्याशिवाय चैन पडत नसे.

चाचांचे मालक, त्यांना आम्ही अरबाब म्हणत असू, तरुणपणी मोत्यांच्या व्यापारात दोन वर्षं मुंबईत राहिलेले. भेंडीबाजारची हिंदी त्यांना चाचांपेक्षा चांगली यायची. त्यांनी त्या वर्षी एक नवी अमेरिकन गाडी बोटीने मागवली. लांबलचक, आकाशी रंगाची, मागे माशासारखे दोन पर. थंडी सरता सरता इथले लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात, तिथे वाळूत न रुतता जावी म्हणून अरबाबनी ती खास सांगून बनवून घेतली होती. ‘खास’ म्हणजे काय, ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक अरबाबच्या घरी राहिलं, कारण नातवंडांना त्यातली चित्रं आवडली.

चाचांना त्या गाडीचं काय कौतुक! ते तिला ‘गारी’ म्हणत, पण आवाजात असं काही यायचं की जणू सून घरात आलीय. त्याच सुमारास अरबाबनी त्यांना घराच्या मागची एक खोली दिली आणि बायकोला बोलावून घ्यायला परवानगी दिली. अकरा वर्षांत चाचा तीनदा गावी जाऊन आले होते. आता चाचींचे कागद पासपोर्ट कचेरीत गेले. खोलीला चाचांनी स्वतःच चुन्याचा हात दिला, खिडकी निळी रंगवली, घासलेटचा स्टोव्ह आणला. गॅरेजात आले की गाडीपेक्षा खिडकीबद्दल जास्त बोलायचे.

“हिरवी करायला हवी होती काय रे, इब्राहिम?”

“निळी बरी, चाचा.”

“तिला खाडी आठवेल म्हणून निळी केली.”

वाळवंटातला मुक्काम संपला आणि गाडी धुण्यापुसण्यासाठी आमच्याकडे आली. शुक्रवार होता, उस्ताद घरी. चाचा जेवून सावलीत चटईवर आडवे झाले. मी गाडीखाली शिरलो. आणि इथे माझ्या चुकीचं मूळ आहे. आमच्या रत्नागिरीच्या गॅरेजात रीत होती: गाडी खाडीच्या पाण्यातून किंवा पुळणीतून गेली की मागच्या अॅक्सलमधलं, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या डब्यातलं, तेल बदलायचंच. पाणी आणि वाळू आत गेली तर आतल्या चक्रांचे दात खातात. ती रीत माझ्या हाडीमाशी भिनलेली. गाडी महिनाभर वाळूत फिरलेली, मालक चाचांचे, चाचा माझे. म्हटलं, कोणी सांगितलं नसलं तरी करून टाकू.

बोल्ट काढला. जे तेल आलं ते मला काही आवडलं नाही. पातळ, वास वेगळाच. मनात म्हटलं, अमेरिकन लोकांनी गाडीला पर लावले आणि तेलात कंजुषी केली. ते सगळं ओतून टाकलं आणि लॉऱ्यांना घालतो ते आपलं नव्वद नंबरचं घट्ट, काळपट तेल काठोकाठ भरलं. बोल्टाखाली पत्र्याचा एक छोटा बिल्ला होता, काळ्या रंगाने माखलेला, वर भोक पाडलेलं. परत बसवायला तो कटकटीचा वाटला. आकार मात्र छान होता. मी तो माझ्या पेटीच्या किल्लीला अडकवला आणि खिशात टाकला.

चाचा उठले तेव्हा मी हात धूत होतो. तेल बदलल्याचं बोललो नाही. उपकार केले की सांगू नयेत, असं मोठेपण तेव्हा अंगात होतं.

दुसऱ्या दिवशी चाचा आले, गाडी थांबवली, खाली उतरले आणि तोंडाने आवाज काढला.

“कर्रर्र... ढुक. ढुक-ढुक.”

“कधी होतो?”

“वळताना. सरळ जाताना काय नाय. अरबाबच्या दारात वळवली की बुडाखालून कोण तरी दाढा खातो असा वाटतो.”

बुडाखालून म्हणजे मागचा अॅक्सल. अॅक्सल म्हणजे मी हात घातलेली जागा. पण लगेच मी स्वतःला समजावलं: तेलाने आवाज कमी होतो, वाढत नाही, आणि मी तर चांगलं तेल घातलंय. पुढचे पाच दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिलो.

त्या संध्याकाळी अरबाब स्वतः गॅरेजात आले. उंच माणूस, आवाज चढवायचे नाहीत. उस्तादला अरबीत काही बोलले, मग चाचांकडे वळून त्यांच्या मुंबईच्या हिंदीत म्हणाले, “दाऊद, गाडी जंगल में गया तब ठीक था. वापस आया तो रोता है. तुमने रेती में मारा इसको. सच बोलो.”

“नाय मारा, अरबाब.”

“मेरा भाई बोलता है, ड्रायव्हर बुड्ढा हो गया, बदली करो. मैं बोला, पहले गॅरेजवाला देखेगा. जुम्मा तक देखो. दाऊद का गलती निकला, तो दाऊद बोट से घर जाएगा. उसका औरत इधर आएगा, वो उधर जाएगा, क्या फायदा?”

ते काही कठोरपणे बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. चाचा जमिनीकडे बघत उभे होते. अरबाब गेल्यावर ते मला एवढंच म्हणाले, “शोध रे बाबा. तुजे कान बरे हायत.”

आता ज्यांनी कधी गाडीखाली डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खळ्यावर मळणीला बैल फिरतात ना, एकाला एक बांधलेले? मधल्या खांबाजवळचा बैल जागच्या जागी पावलं टाकतो आणि कडेच्या बैलाला मोठा फेरा पडतो. गाडी वळताना मागच्या दोन चाकांचं तसंच होतं. बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता, आतल्याला जवळचा. दोन्ही एकाच दांड्याला जखडली तर काहीतरी तुटेल. म्हणून मधे दातांच्या चक्रांचा एक डबा असतो, तो ज्याला जेवढं हवं तेवढं फिरू देतो. त्याला डिफरन्शियल म्हणतात, आम्ही डिफ्रेन्शल. ह्या डब्याला एकच खोड असते. एक चाक वाळूत अडकलं की सगळी ताकद त्या आळशी चाकाकडे जाते. ते जागच्या जागी गरगर फिरतं आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक स्वस्थ उभं राहतं. वाळूत गाड्या रुततात त्या अशाने.

एवढं मला येत होतं. त्याच्या पुढचं येत नव्हतं.

पहिल्या दिवशी चाकांचे बेअरिंग बघितले. ठीक. दुसऱ्या दिवशी ब्रेक, मग मधल्या दांड्याचे सांधे. ठीक. उस्ताद म्हणाला, “आवाज कुठून येतो ते आधी नक्की कर.” म्हणून तिसऱ्या दिवशी मी डिकीत शिरून झोपलो आणि चाचांनी गाडी मैदानात गोल गोल फिरवली. एप्रिल सरत आला होता. कुवेतमधल्या डिकीत एप्रिल सरताना झोपून बघा, म्हणजे भाकरीला तव्यावर काय वाटतं ते कळेल. पत्र्याला कान लावला. आवाज बरोबर मधोमध, डब्यातून येत होता. मी झाकण आतून ठोकलं, चाचांनी बाहेर काढलं, पाणी दिलं.

“काय कळला?”

“कळेल,” मी म्हटलं. कळलं होतं की तो तिथेच आहे जिथे मी हात घातला होता.

रोज दुपारी चाचा माझ्यासाठी डबा आणायचे. इथला झुबेदी मासा म्हणजे आपलं पापलेट, त्याचं ते नारळ घालून सार करायचे आणि भात. एरवी मी डबा चाटूनपुसून द्यायचो. त्या आठवड्यात अर्धा परत जायचा. चाचा म्हणायचे, “जेव रे. गारीची काळजी माजी हाय, तुजी नाय.” मी मान खाली घालून भात चिवडायचो आणि खिशातली किल्ली मांडीला टोचायची.

बुधवारी मी ठरवलं, डबा चालताना ऐकायचा. आमच्या गावची युक्ती सोपी होती: मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर ठेवायचं आणि गाडी गिअरमध्ये घालून हळू रेस द्यायची. उचललेलं चाक हवेत फिरतं, गाडी जागची हलत नाही आणि मिस्त्री खाली पडून लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक डब्याला व दुसरं कानाला लावून ऐकतो. लॉऱ्यांवर मी हे शेकडो वेळा केलं होतं. ती खोड वर सांगितली ना, हवेतल्या चाकाकडे सगळी ताकद जाते? तिच्याच भरवशावर हे चालतं.

उजवं चाक उचललं. मागच्या बंपरखालून सरपटत आत गेलो, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि ओरडलो, “चाचा, हलकेच!”

चाचांनी पाय हलकेच ठेवला.

गाडीने उडी मारली. दुसरा शब्द नाही त्याला. जॅक आडवा झाला, त्याचा दांडा माझ्या कोपरावर बसला, मागचं चाक माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर जमिनीवर आपटलं आणि आकाशी रंगाचं ते सगळं धूड पुढे जाऊन जुन्या टायरांच्या ढिगात घुसलं. मी उघड्या आकाशाखाली स्क्रूड्रायव्हर कानाला लावून पडलेला.

चाचा दार उघडून धावत आले. पायातली एक चप्पल गाडीतच राहिली होती.

“मेला काय रे! इब्राहिम! बोल काय तरी!”

“कोपर,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली आणि मग माझं डोकं छातीशी धरलं. “गारी गेली खड्ड्यात,” ते म्हणाले, “तुज्या आयशीला मी काय सांगितला असता?”

गाडीला टायरांनी सांभाळलं होतं, साधा पोचाही नव्हता. उस्ताद फरीद मात्र गाडीकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. तो पडलेल्या जॅककडे बघत होता.

“एक चाक हवेत होतं?” त्याने विचारलं.

“हो, उस्ताद.”

“मग गाडी पळाली कशी?”

बरोबर होतं. पळायला नको होती.

त्याने दोन्ही चाकं उचलायला लावली, अॅक्सलखाली लोखंडी घोड्या, म्हणजे टेकू, लावल्या, गिअर काढला आणि स्वतः वाकून एक चाक हाताने फिरवलं. साध्या डिफ्रेन्शलमध्ये एक चाक पुढे फिरवलं की दुसरं उलटं फिरतं. इथे दुसरंही त्याच बाजूला फिरलं, जरा कुरकुरत, पण त्याच बाजूला. उस्तादने चष्मा काढून पुसला.

“बैरूतला ऐकलं होतं ह्याच्याबद्दल. आत पातळ चकत्यांची थप्पी असते. दोन्ही चाकांना धरून ठेवते, एकाला मोकाट सुटू देत नाही. वाळूसाठी उत्तम. वळताना त्या चकत्या एकमेकींवरून सरकल्या पाहिजेत. त्यांचं तेल वेगळं असतं. दुसरं तेल घातलं की त्या चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात.” त्याने हाताचे दोन्ही तळवे दाबून एकमेकांवर घासले आणि तोंडाने हुबेहूब आवाज काढला. “कर्रर्र. ढुक.”

मग तो आमच्याकडे वळला. “ह्यात तेल कुणी बदललंय?”

बायको म्हणते ते हेच. मी म्हणालो, “नवी गाडी आहे, उस्ताद. कंपनीचंच असेल.”

उस्तादने चाचांकडे बघितलं. चाचा म्हणाले, “नवी गारी हाय. तेलाला कोण कशाला हात लावेल?”

मला वाटलं, सुटलो. चाचा झोपले होते, त्यांना काय माहीत! उस्ताद वाकून अॅक्सलचा बोल्ट बघत होता. “अशा अॅक्सलला बोल्टापाशी एक बिल्ला असतो म्हणतात. कुठलं तेल घालायचं ते लिहिलेला. ह्याला दिसत नाही.” त्याने बोट बोल्टावरून फिरवलं आणि तो नमाजाला गेला.

मी कोपर दुखतंय म्हणून खोलीवर गेलो. दार लावलं. किल्ली काढली, फडक्यावर घासलेट घेतलं आणि बिल्ला घासत बसलो. काळा रंग सुटत गेला तशी एकेक इंग्रजी अक्षरं वर आली. मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस मी, वाचायला काही अडचण नव्हती. ह्या डिफरन्शियलमध्ये फक्त त्याच्यासाठी बनवलेलं खास तेलच वापरा. बस, एवढंच. मी ते वाक्य सहा दिवस खिशात घालून फिरत होतो. त्याच खिशात हात घालून मी चाचांना ‘कळेल’ म्हणालो होतो.

मनात काय काय आलं ते लिहायला लाज वाटते. बिल्ला समुद्रात टाकावा. गुपचूप तेल बदलावं. पण ते खास तेल मी आणणार कुठून? आणि न सांगावं, तर शुक्रवारी चाचा जाणार. सांगावं तर मी जाणार. मी नवा होतो, माझ्या जागेवर माणूस दोन दिवसांत मिळाला असता. खोलीत बसून मी चाचांची खोली डोळ्यांपुढे आणत होतो. निळी खिडकी. अजून कोणी पेटवलेला नाही असा स्टोव्ह.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद हात धूत असताना मी बिल्ला त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. त्याने तो वाचला, उलटा करून बघितला, किल्लीसकट.

“ही किल्ली कशाची?”

“माझ्या पेटीची.”

“सुंदर,” तो म्हणाला. “दुसरा कोणी असता तर निदान फेकून दिला असता.” मग बराच वेळ साबण चोळत राहिला. “काल का नाही बोललास?”

“भ्यालो.”

“मीही भितो. पण मी आधी ऐकतो, मग भितो. अरबाबला उद्या तू स्वतः सांगायचंस. मी बाजूला उभा राहीन.”

तेल अहमदीला, तेल कंपनीच्या वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये मिळालं. तिथे अमेरिकन साहेबांच्या गाड्या येत, म्हणून चार डबे ठेवलेले. उस्तादने ओळख काढून आणवले. जुनं तेल काढलं. माझं ते नव्वद नंबरचं, लाडकं, काळपट तेल. खाली पसरताना ते इतकं साजूक दिसत होतं की विश्वास बसेना. नवं भरलं. बिल्ला घासूनपुसून जागेवर बसवला. उस्ताद म्हणाला, “आता चकत्यांमध्ये हे मुरलं पाहिजे. मोकळ्या जागी घेऊन जा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आवाज जाईपर्यंत.”

“आणि गेला नाही तर?”

“तर चकत्या जळल्या आहेत,” तो म्हणाला आणि आत गेला.

सुलैबियाच्या बाजूला तेव्हा सपाट, टणक माळ होता. चाचा गाडी चालवत होते, मी मागच्या सीटवर, तळाला कान लावून ओणवा. पहिला आठ. कर्रर्र-ढुक-ढुक. दुसरा आठ. तसाच. तिसरा, चौथा. वाळूवर आमच्या चाकांचे मोठाले आठ उमटत होते, एकावर एक, आणि आवाज तसाच. पाचव्या आठाला मला राहवेना.

“चाचा, तेल मी बदलला होता.”

चाचांनी वळण पुरं केलं.

“त्या शुक्रवारी. तुम्ही झोपला होतात. चांगला करायला गेलो. नव्वद नंबर घातला. आवाज माज्यामुळे हाय. तुम्हाला सहा दिवस बोललो नाय.”

सहावा आठ सुरू झाला. डावीकडे कर्रर्र.

“मला ठाऊक हाय,” चाचा म्हणाले.

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. डोळे मिटलेले होते, नाक उघडा होता. वीस वर्सां गाऱ्या चालवल्या मी. नव्वद नंबराचा वास मला झोपेत कळतो.”

“मग बोललात का नाय अरबाबला?”

“काय बोलू? पोरगा माजा हाय, मीच सांगितलेला. तुजा नाव घेतला असता तर तू गेला असतास, आणि तुला आणणारा म्हणून मीपण. दोघांनी कशाला जायचा?”

“पण चाची...”

“तिला सवय हाय,” चाचा म्हणाले. वळण सुटल्यावर म्हणाले, “मला वाटला, तू आज बोलशील, उद्या बोलशील. काल उस्तादसमोर तू खोटा बोललास तेव्हा मला वाईट वाटला. मग मीपण खोटा बोललो, तेव्हा जास्त वाईट वाटला. आता गप ऱ्हा आणि ऐक.”

मी परत कान लावला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते मी ओणवा असल्यामुळे कपाळावरून केसांत जात होतं, अशी माझी शोभा. सातव्या आठाला कर्रर्र जरा आखूड वाटला. आठव्याला ढुक एकदाच झालं. नवव्याला मी म्हटलं, “चाचा, परत एकदा तेच वळण घ्या.” त्यांनी घेतलं. टायरांखाली खडी चिरडल्याचा आवाज आला, इंजिनाचा आला, चाचांच्या श्वासाचा आला.

“काय ऐकू येतो?”

“काय नाय.”

“नक्की?”

“परत घ्या.”

आम्ही त्यानंतर अजून बारा आठ काढले. गरज नव्हती. थांबायची हिंमत दोघांनाही होत नव्हती.

शुक्रवारी अरबाब आले. मी उस्तादच्या शेजारी उभा राहून हिंदीत सगळं सांगितलं: वाळूची रीत, तेल, बिल्ला, किल्ली. बुधवारी उस्तादशी काय खोटं बोललो तेही. अरबाबनी पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यांनी गाडीत बसून स्वतः चार वळणं घेतली, खाली उतरले आणि मला नव्हे, चाचांना विचारलं, “तुमको मालूम था?”

चाचा म्हणाले, “गाडी मैं चलाता, अरबाब. तेल गॅरेज का काम.”

अरबाबनी त्यांच्याकडे बघितलं. मुंबईत दोन वर्षं काढलेला माणूस, त्याला आमच्यासारखी माणसं कळत असावीत. “अच्छा,” ते म्हणाले. “मेरा भाई को मैं बोलूँगा, ड्रायव्हर बुड्ढा नहीं हुआ.” मग माझ्याकडे बोट करून उस्तादला म्हणाले, “इसको मेरा गाडी का नीचे मत भेजो, एक साल.”

मी एक वर्ष त्या गाडीला फक्त वरून पुसलं. पुढे तिच्यासारख्या अॅक्सलच्या गाड्या कुवेतमध्ये पुष्कळ आल्या आणि त्यांचा आवाज ऐकू आला की लोक मला बोलवायला लागले. म्हणायचे, इब्राहिम मिस्त्री तो आवाज लांबून ओळखतो. हो, ओळखतो. त्या गाड्यांतल्या बऱ्याच आता अम्गऱ्याच्या भंगारात पडून आहेत. तिकडे गेलो की अजून वाकून बोल्टापाशी बिल्ला आहे का ते बघतो. आणि एक चाक उचलून कोणी गाडी गिअरमध्ये टाकताना दिसला की ओरडतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी तर पन्नाशीतला.

चाची त्या उन्हाळ्यात बोटीने आल्या. त्यांना आणायला अरबाबनी आकाशी गाडी दिली आणि चाचांनी मला बरोबर घेतलं. चाची मागच्या सीटवर, मांडीवर कोकमाची बरणी आणि शेजारी पत्र्याची पेटी. बंदरातून निघालो. पुढे रस्त्यात एक मोठा गोल चौक लागतो, तिथून अरबाबच्या घराकडे वळायचं. चाचांनी गोलाला वळसा घातला आणि आमची वाट सोडून दिली. दुसरा वळसा घातला. पुन्हा वाट सोडली. स्टीअरिंग पूर्ण वळवलेलं, काच खाली, मान जरा तिरकी. मी पण नकळत तसाच बसलो होतो.

तिसऱ्या वळशाला चाची पुढे वाकल्या. “वाट चुकलात काय?”

“नाय,” चाचा म्हणाले. “इब्राहिमला विचार, काय ऐकू येतो काय.”

“काय रे, इब्राहिम? काय येतो ऐकू?”

मी कान दिला. “काय नाय, चाची.”

“मग घरी घ्या ना गारी,” चाची म्हणाल्या. “खोली बघायची हाय मला.”